सीमेवरच्या घरात नेट कुणाचं घ्यावं?

निपाणीच्या देवचंद महाविद्यालयाच्या पत्त्यात पिन कोड येतो निपाणी पोस्टाचा, 591237. तालुका येतो कागल आणि जिल्हा कोल्हापूर. शहर कर्नाटकात, त्याला लागून असलेलं, कॉलेज जिथे आहे ते अर्जुननगर महाराष्ट्रात. पोरं सकाळी एका राज्यातून निघतात, दुसऱ्या राज्यात तासाला बसतात आणि दुपारी जेवायला पहिल्या राज्यात परत येतात. इथल्या माणसाला याचं नवल वाटत नाही. तारेला मात्र ही हद्द पक्की कळते. निपाणीचा एसटीडी कोड 08338, कागलचा 02325. पहिला कर्नाटक सर्कलमध्ये मोडतो, दुसरा महाराष्ट्र सर्कलमध्ये. सर्कल म्हणजे दूरसंचार खात्याने परवान्यांसाठी केलेली देशाची वाटणी. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा येतो, मुंबई येत नाही, आणि बेळगाव-निपाणी तर नाहीच नाही.

या पट्ट्यातल्या घरांत नवं नेट घ्यायचं ठरलं की प्रश्न एकाच साच्यातला येतो: बीएसएनएलचं घ्यावं की केबलवाल्याचं? पंधरा वर्षांपूर्वी या प्रश्नाचा अर्थ सरळ होता. बीएसएनएलचं म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारं, ज्याला जगभर डीएसएल म्हणतात ते. आणि केबलवाल्याचं म्हणजे टीव्हीच्या तारेबरोबर आलेलं. आज दोन्ही बाजूंनी घरात येते ती बहुतेक ठिकाणी काचेचीच तार. तरीही लोक प्रश्न तोच विचारतात, आणि मला वाटतं ते बरोबरच करतात. फक्त त्याचं उत्तर आता तारेच्या जातीत शोधायचं नाही. तार तुटल्यावर ती जोडायला कोण येणार, कुठून येणार आणि किती वेळात येणार, यात ते आहे. हे पटायचं असेल तर दोन्ही तारा इथवर कशा आल्या ते पाहावं लागतं.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सुरू केलं. तेव्हा टेलिफोनवरून नंबर फिरवून जोडणी घ्यावी लागे, मोडेमचा तो किर्र आवाज यायचा आणि जोडणी असेपर्यंत घरचा फोन व्यग्र लागायचा. फार तर 56 केबीपीएसचा वेग. ऑक्टोबर 2000 मध्ये दूरसंचार खात्याच्या सेवेतून बीएसएनएल ही कंपनी झाली आणि जानेवारी 2005 मध्ये तिने ब्रॉडबँड आणलं. 2004 च्या सरकारी धोरणाने ब्रॉडबँडची व्याख्या केली होती 256 केबीपीएस. आज हा आकडा वाचवत नाही, पण डायलअपच्या तुलनेत ती मोठी उडी होती, आणि मुख्य म्हणजे नेट चालू असताना फोनही चालत होता. डाउनलोड मोजून मिळायचं. काही योजनांत रात्री 2 ते सकाळी 8 या वेळेतलं डाउनलोड हिशेबात धरत नसत. त्या काळातल्या कितीतरी कॉलेजच्या पोरांनी रात्री दोनचा गजर लावून पुस्तकं, सॉफ्टवेअर आणि सिनेमे उतरवून घेतले आहेत.

फोन आणि नेट एकाच तारेवर कसं चालायचं? माणसाच्या बोलण्याला टेलिफोनवर 4 किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा पुरतो. तांब्याची तार त्याहून कितीतरी वरच्या कंपनांपर्यंत संदेश नेऊ शकते, फक्त तो भाग शंभर वर्षं रिकामा पडून होता. एडीएसएलने सुमारे 25 किलोहर्ट्झपासून 1.1 मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरला, पुढच्या एडीएसएल 2 प्लसने 2.2 मेगाहर्ट्झपर्यंत मजल मारली. घरात भिंतीवर लावलेली ती छोटी डबी, स्प्लिटर, खालचा पट्टा फोनला आणि वरचा मोडेमला द्यायची. त्यातला मोठा वाटा घराकडे येणाऱ्या माहितीला आणि लहान वाटा घरातून जाणाऱ्या माहितीला, अशी विषम वाटणी होती. त्या वेळी लोक नेटवरून घ्यायचे जास्त, पाठवायचे कमी. म्हणून ते चाललं.

अडचण अंतराची. कंपन जितकं वरचं, तितकं तांब्यात ते लवकर विरतं. एक्स्चेंजला अगदी लागून असलेल्या घरात एडीएसएल 2 प्लस कागदावर 24 एमबीपीएसपर्यंत जातं; तीन किलोमीटरवर ते तिसऱ्या हिश्श्यावर येतं; पाच किलोमीटरच्या पुढे एक-दोन एमबीपीएस मिळाले तरी नशीब. पाटाच्या पाण्याचं जे होतं तेच: मुखाशी शेत असलेल्याला भरपूर, टेलला असलेल्याच्या वाट्याला झिरपून उरेल ते. दोघांची पाणीपट्टी मात्र सारखी. एक्स्चेंजजवळच्या गल्लीतल्या घराने 'बीएसएनएल एकदम बेस्ट' म्हणायचं आणि गावाबाहेरच्या नव्या प्लॉटवरच्या घराने त्याच सेवेला शिव्या द्यायच्या, हे त्यामुळे घडायचं. दोघंही खरं बोलत होते.

दुसरी अडचण पावसाची. बेळगावचा पाऊस घाटाकडून येतो आणि आठ-आठ दिवस हटत नाही. जमिनीखालच्या तांब्याच्या केबलच्या जोडात पाणी शिरलं की आधी फोनमध्ये खरखर सुरू होते आणि त्याच वेळी नेट दर दोन मिनिटांनी तुटायला लागतं. लाइनमन येऊन खांबावरची पेटी उघडायचा, गंजलेली टोकं कापायचा, पुन्हा पिळायचा, टेप गुंडाळायचा. त्या माणसाकडे पक्कड, टेप आणि डोक्यात साठवलेला गावाचा नकाशा एवढंच भांडवल असायचं आणि तेवढ्यावर लाइन चालू व्हायची. ते लाइनमन हळूहळू निवृत्त झाले. 2020 च्या सुरुवातीला बीएसएनएलच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत देशभरातले निम्म्याच्या आसपास कर्मचारी एकदम बाहेर पडले. तांब्याची तार तशीच राहिली, तिला ओळखणारा माणूस गेला. माझ्या मते डीएसएलचा शेवट तिथे झाला. तंत्रज्ञान जुनं झालं हे कारण दुसरं.

आता केबलकडे. पुस्तकात केबल इंटरनेटचं जे वर्णन असतं ते बहुतेक अमेरिकेतलं. तिथे टीव्हीची जाड तार, कोॲक्सिअल केबल, घरोघरी आधीच पोचली होती, आणि 1997 च्या डॉक्सिस नावाच्या मानकाने त्याच तारेतून दोन्ही दिशांनी इंटरनेट नेता आलं. ती तार तांब्याच्या टेलिफोन जोडीपेक्षा कितीतरी जास्त माहिती वाहते. तिचा दोष एवढाच की ती गल्लीत सामाईक असते. संध्याकाळी सगळे एकदम बसले की प्रत्येकाच्या वाट्याचा वेग खाली येतो. डीएसएलमध्ये अंतर नडतं आणि केबलमध्ये शेजार नडतो, हा तिथल्या निवडीचा सारांश होता.

आपल्याकडच्या लहान शहरांत हे घडलंच नाही. हैदराबाद-पुणे-मुंबईत काही मोठ्या कंपन्यांनी डॉक्सिस चालवलं, पण निपाणी, संकेश्वर, चिकोडीच्या केबलवाल्याने टीव्हीसाठी टाकलेली तार एकाच दिशेची होती. गच्चीवरच्या डिशमधून आलेलं चित्र ती घरापर्यंत न्यायची, बस. तिला दुहेरी करायची तर खांबाखांबावरचे ॲम्प्लिफायर बदलावे लागले असते. ते खर्चाचं काम कुणी केलं नाही. त्याऐवजी त्यांनी संगणकाची निळी-करडी लॅन केबल गच्चीगच्चीवरून ओढली. या केबलची एका टप्प्याची मर्यादा 100 मीटर. म्हणून दर तीन-चार घरांमागे कुणाच्या तरी जिन्यात एक स्विच बसवायचा आणि त्याला वीज त्याच घरातून घ्यायची. त्या घराची लाइट गेली की पुढच्या सगळ्या गल्लीचं नेट गेलं. एप्रिल-मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, वीज कडाडली, की गच्चीवरच्या या धातूच्या तारांतून दणका थेट स्विचमध्ये आणि तिथून घरच्या संगणकात. बेळगावातल्या दुरुस्तीच्या दुकानांत दर उन्हाळ्यात जळालेल्या लॅन पोर्टचे संगणक येऊन पडायचे ते यामुळे.

तरीही लोकांनी ते घेतलं, आणि कारण साधं होतं. केबलवाला ओळखीचा होता. झी मराठी जेव्हा अल्फा मराठी होती तेव्हापासून तो घरात मराठी वाहिन्या आणत होता, दर महिन्याला पैसे घ्यायला दारात येत होता, आणि 'अण्णा, नेट बंद हाय की' म्हणून फोन केला तर त्याचा पोऱ्या सायकलवरून तासाभरात यायचा. तक्रार मराठीत करता यायची. सीमाभागात ही गोष्ट लहान नाही. कर्नाटक सर्कलमधल्या कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन लावल्यावर मराठीत बोलणारा माणूस मिळेलच याची खात्री नसते, आणि घरात दुपारी एकटी असलेली आजी कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीतून 'लाल दिवा लागलाय' हे कसं समजावणार?

मग काच आली. सप्टेंबर 2019 मध्ये जिओने घरगुती फायबर सुरू केलं, त्याच सुमारास बीएसएनएलनेही भारत फायबर या नावाने जोर लावला, आणि 2020 च्या लॉकडाउनमध्ये पुण्या-बेंगळुरूच्या नोकऱ्या घेऊन पोरं गावाकडे आली तेव्हा मागणी एकदम वाढली. काचेच्या तारेत वीज वाहत नाही, प्रकाश वाहतो. त्यामुळे पाण्याने ती गंजत नाही आणि विजेचा दणका तिच्यातून घरात येत नाही. अंतराचा प्रश्न जवळजवळ मिटतो: घरगुती जोडण्यांसाठी जी पद्धत सगळीकडे वापरतात त्या जीपॉनमध्ये एका टोकापासून 20 किलोमीटरपर्यंत घर असलं तरी चालतं. मध्ये कुठेही वीज लागत नाही. एका तारेतला प्रकाश काचेच्या स्प्लिटरने 32 किंवा 64 घरांत वाटला जातो. येणारी आणि जाणारी माहिती प्रकाशाच्या वेगवेगळ्या रंगांवर, डोळ्याला न दिसणाऱ्या, 1490 आणि 1310 नॅनोमीटरच्या लहरींवर धावते, म्हणून एकाच बारीक तंतूतून दोन्ही दिशांचं काम होतं.

इथे निवडीचा सगळा नकाशाच बदलला. तांब्याची देखभाल परवडेना तेव्हा बीएसएनएलने फायबरच्या शेवटच्या टप्प्यासाठी स्थानिक भागीदार घेतले, उत्पन्नात वाटा देऊन. हे भागीदार कोण? खूप ठिकाणी तेच जुने केबलवाले. खांबांवर त्यांच्या तारा आधीच होत्या, गल्ल्या माहीत होत्या, माणसं होती. त्यामुळे आज एखाद्या गावात तुम्ही 'मला केबलवाल्याचं नको, बीएसएनएलचंच हवं' म्हणून अर्ज केला तर घरी तार ओढायला केबलवाल्याचाच माणूस येऊ शकतो. बिल बीएसएनएलचं, तार त्याची. हे कळलं की 'कुठली कंपनी' हा प्रश्न मागे पडतो आणि 'आमच्या गल्लीची तार कुणाच्या हातात आहे' हा पुढे येतो.

काचेचा एक स्वभाव असा की ती तुटली तर हाताने पिळून जोडता येत नाही. केसाएवढ्या जाड काचेची दोन टोकं स्वच्छ कापून, समोरासमोर आणून, विजेच्या ठिणगीने वितळवून एकजीव करावी लागतात. त्याला स्प्लायसिंग मशीन लागतं. ते महाग असतं आणि ते चालवायला सराव लागतो. जुना लाइनमन पक्कड-टेपवर काम भागवायचा. आताच्या माणसाकडे मशीन नसेल तर तो नुसता बघून परत जातो आणि 'उद्या टीम येईल' म्हणतो. म्हणून नेट घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न, प्लॅन किती रुपयांचा याच्याही आधीचा, हा: स्प्लायसिंग मशीन कुठे असतं? गावातच असेल तर तुमचं नेट दुपारी तुटून संध्याकाळी जोडलं जाईल. बेळगावात असेल तर निपाणीहून ते 75 किलोमीटरवर आहे. कोल्हापूर 40 किलोमीटरवरच आहे, पण तिथली टीम दुसऱ्या सर्कलची. ती हद्द ओलांडून तुमच्यासाठी येत नाही.

आणि तारा तुटतात, इथे तर जास्तच. गळीत हंगाम सुरू झाला की उसाने वरपर्यंत लादलेले ट्रॅक्टर-ट्रॉली आणि ट्रक गावागावातून साखर कारखान्यांकडे निघतात, आणि रस्त्यावर आडवी, सैल लोंबणारी, घराकडे जाणारी ड्रॉप वायर उसाच्या शेंड्यांत अडकून ओढली जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च हे या भागातल्या नेटचे कठीण महिने आहेत, पावसाळ्याइतकेच. महामार्गाच्या सहापदरीकरणासाठी जेसीबी चालतात तिथे जमिनीखालची मोठी केबल तुटते आणि मग एक-दोन गल्ल्यांचं नाही, अख्ख्या पट्ट्याचं नेट जातं. यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं. खोदणाऱ्याने आधी कळवायचं, केबलच्या मालकाला सूचना जाते. ठेकेदारांनी ते वापरलं पाहिजे आणि नगरपालिकांनी वापरायला लावलं पाहिजे. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरात वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं आणि निपाणी-कोल्हापूर वाहतूकच बंद पडली. अशा वेळी ज्या सेवेची माणसं आणि सामान नदीच्या तुमच्या बाजूला आहेत तिचाच उपयोग होतो.

हद्दीचा परिणाम परवान्यांतही आहे. इंटरनेट देणाऱ्यांचे परवाने तीन वर्गांत दिले गेले: देशभरासाठी, एका सर्कलसाठी आणि साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी. कोल्हापुरातला एखादा चांगला स्थानिक पुरवठादार सर्कलपुरत्या किंवा जिल्ह्यापुरत्या परवान्यावर चालत असेल तर कागलपर्यंत येऊन त्याला थांबावं लागतं. हद्दीपलीकडच्या कोगनोळीत त्याची तार कायदेशीररीत्या येत नाही. तसंच चंदगड तालुक्यातल्या शिनोळीचं. बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं बेळगावात, पण नेटसाठी तो महाराष्ट्र सर्कलचा भाग. मोबाइलच्या बाबतीत हा जाच संपला. एकेकाळी महाराष्ट्राचं सिम निपाणीत आलं की रोमिंग लागायचं, म्हणून कितीतरी लोक दोन सिम बाळगत. 2015 च्या जुलैपासून नंबर कायम ठेवून सर्कल बदलता येऊ लागलं आणि पुढच्या एक-दोन वर्षांत देशांतर्गत रोमिंगचे पैसेही गेले. घरच्या तारेला ही मुभा नाही. नंबर तोच ठेवून तिची कंपनी बदलता येत नाही. बीएसएनएलमध्ये मात्र जुन्या लँडलाइनचा नंबर बहुतेक वेळा त्यांच्याच फायबरवर चालू ठेवता येतो, आणि तीस-चाळीस वर्षं एकच नंबर असलेल्या घरांना याची किंमत कळते.

आणखी एक गोष्ट, जी माहिती म्हणून मला फार रोचक वाटते. बेळगाव मुंबई आणि बेंगळुरू यांच्या जवळजवळ मध्यावर आहे, दोन्हीकडे सुमारे 500 किलोमीटर. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद पुरतात. त्यात वाटेतल्या यंत्रांचा वेळ मिळवायचा. तेव्हा अंतराने काही बिघडत नाही. पण निपाणीतल्या घराची माहिती सर्कलच्या रचनेप्रमाणे बेंगळुरूकडे निघू शकते आणि कागलमधल्या घराची मुंबईकडे. दोन घरांत वीस-पंचवीस किलोमीटर अंतर असेल, पण एकाने दुसऱ्याला पाठवलेला फोटो मुंबई-बेंगळुरू करून येऊ शकतो. गेम खेळणाऱ्या पोरांना जो 'पिंग' जास्त दिसतो त्याचं कारण कधी कधी हा वळसा असतो, आणि तो पुरवठादारानुसार बदलतो.

आता वेगाच्या आकड्यांबद्दल. जाहिरातीतला एमबीपीएस हा बिटचा हिशेब आहे आणि फाइलचा आकार बाइटमध्ये असतो. आठ बिटचा एक बाइट. म्हणजे 40 एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त 5 एमबी उतरणार. त्यात फसवणूक नाही, पण हे न सांगितल्यामुळे भांडणं होतात. एका घरात एचडी सिनेमाला 5 एमबीपीएस, चांगल्या व्हिडिओ कॉलला दोन-तीन, असा अंदाज धरला तर चार माणसांच्या घराला 30 ते 50 एमबीपीएस भरपूर झाले. 300 एमबीपीएसचा प्लॅन घेऊन जी गोष्ट मिळत नाही ती म्हणजे संध्याकाळची खात्री. जीपॉनच्या एका तारेवर सगळ्यांसाठी मिळून सुमारे 2,500 एमबीपीएस असतात. 64 घरांनी एकाच क्षणी पूर्ण वेग मागितला तरी प्रत्येकाला 39 च्या आसपास मिळतील. प्रत्यक्षात तसं कधी होत नाही. गचका बसतो तो त्याच्या वर: पुरवठादाराने बेंगळुरू किंवा मुंबईकडून स्वतःसाठी किती क्षमता विकत घेतली आहे आणि ती किती ग्राहकांत वाटली आहे, तिथे. दूरसंचार नियामक ट्रायने 2009 मध्ये घरगुती जोडणीसाठी हे प्रमाण 1:50 पर्यंत धरलं होतं. लहान पुरवठादार ग्राहक वाढवत जातो, क्षमता वाढवत नाही, आणि रात्री नऊला चित्र गोल फिरत बसतं. म्हणून शेजाऱ्याच्या घरी वेग मोजायचा तर रात्री नऊला मोजावा, सकाळी अकराला नव्हे. आणि अपलोडचा आकडा आवर्जून पाहावा. घरून काम करणारी मुलगी, सीसीटीव्ही लावलेलं दुकान, यूट्यूबवर व्हिडिओ टाकणारा भजनी मंडळातला तरुण, यांचं सगळं काम घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीवर चालतं. डीएसएल इथेच हरलं होतं. त्याचा अपलोड एक-सव्वा एमबीपीएसच्या पुढे जातच नव्हता.

घरातली भिंतही हिशेबात धरा. बेळगावच्या जुन्या गल्ल्यांतली, निपाणीतल्या वाड्यांची दगडमातीची दोन-दोन फुटी भिंत वायफायचा सिग्नल गिळून टाकते. पुढच्या सोप्यात राउटर आणि मागच्या खोलीत अभ्यास, असं असेल तर कुठलीही कंपनी बदला, फरक पडणार नाही. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून वेग बघा. तिथे पूर्ण मिळत असेल तर दोष तारेत नाही. राउटर मधल्या खोलीत आणा किंवा मागे एक जोड-राउटर लावा. आणि हेस्कॉमची वीज गेली तरी काचेची तार चालूच असते, बंद पडतं ते आपल्या घरातलं यंत्र. ते दहा-बारा वॅटचं काम आहे. बाराशे-पंधराशे रुपयांचा छोटा 12 व्होल्टचा यूपीएस त्याला काही तास पुरतो. परीक्षेच्या दिवसांत हा खर्च करावाच.

कागदाची बाजू लोक सर्वांत कमी पाहतात, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. केबलवाल्याला रोख पैसे दिले, त्याने वहीत खूण केली, इतक्यावर बरीच घरं चालतात. जोवर सगळं सुरळीत आहे तोवर ठीक. पण तक्रार करायची वेळ आली की तुम्ही कुणाचे ग्राहक हेच सिद्ध होत नाही. परवानाधारक कंपनीच्या नावाचं, तुमच्या नावावरचं, 18 टक्के जीएसटी दाखवणारं बिल दर महिन्याला मागा. बिघाड झाला की फोनवर बोलून सोडून देऊ नका, तक्रारीचा क्रमांक घ्या. त्याने काम झालं नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, पण ग्राहक आयोग सोडवतो: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दूरसंचार सेवेचा उल्लेख आहे, आणि दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक मंचाकडे नेता येतात हे फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. वर्षाचे पैसे आगाऊ भरून दोन महिने फुकट मिळवण्याचा मोह लहान पुरवठादाराच्या बाबतीत टाळावा. तो धंदा बंद करून गेला तर मागे कुणी उरत नाही.

गावाबाहेर मळ्यात राहणाऱ्यांसाठी वेगळं बोलावं लागेल. वस्तीवरच्या एका घरासाठी कुणी दोन किलोमीटर तार ओढत नाही, आणि ओढली तरी उसातून टिकत नाही. तिथे 2023 पासून आलेलं 5जी टॉवरवरून छतावरच्या यंत्रात येणारं एअरफायबर हाच व्यवहार्य मार्ग आहे, टॉवर नजरेच्या टप्प्यात असेल तर. वेगात चढउतार राहील. भारतनेटची केबल बऱ्याच ग्रामपंचायतींपर्यंत पोचली आहे; ती पंचायतीच्या कपाटात बंद आहे की चालू, आणि तिथून घरांना जोडण्या देता येतील का, हे ग्रामसभेत विचारायला हवं. 2011 मध्ये मंजूर झालेली ही योजना आपल्याच पैशांची आहे.

आता माझा कौल. बेळगाव शहरात, जिथे एकाच गल्लीत चार-पाच कंपन्यांच्या तारा आहेत, तिथे मोठी कंपनी घ्या. स्पर्धेमुळे दुरुस्ती लवकर होते आणि नाही झाली तर बदलायला पर्याय आहे. निपाणी, संकेश्वर, खानापूर यांसारख्या गावांत ज्याचं स्प्लायसिंग मशीन गावात आहे त्याचं घ्या, मग ती तार बीएसएनएलच्या नावाची असो की केबलवाल्याच्या. मात्र बिल पक्कं हवं. जुनी लँडलाइन असेल तर ती सोडण्याआधी तोच नंबर फायबरवर मिळतो का ते एक्स्चेंजमध्ये जाऊन विचारा. तांब्यावरचं डीएसएल अजून कुणाकडे चालू असेल तर पुढच्या पावसाची वाट न बघता बदला. आणि सही करण्याआधी आपल्याच गल्लीतल्या तीन घरांत जाऊन एवढंच विचारा: गेल्या हंगामात तुमचं नेट सलग किती दिवस बंद होतं, आणि जोडायला कोण आलं होतं?